लोकल गाडी धरायचीये : मिक्सर, टँकर की पार्सल?

लांबपल्ला :
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं लांबच्या रूटवर ट्रेलर चालवतोय, आता बास करायचं म्हणतोय. मुलगी शाळेत जायला लागलीये आणि मी घरी गेलो की पहिला अर्धा दिवस ती आईच्या मागे लपून माझ्याकडे बघत बसते. त्यामुळे रोज रात्री घरी झोपायचं एवढं पक्कं ठरलंय. हेवी लायसन्स आहे, रेकॉर्ड साफ आहे, धोकादायक मालाचं ट्रेनिंगही झालंय. तीन ठिकाणांहून होकार आलाय. एक रेडीमिक्सचा ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे तयार काँक्रीट फिरत्या ड्रममधून साइटवर नेणारी गाडी, तिथे थोडा बांधील पगार आणि वर खेपेप्रमाणे पैसे. दुसरा इंधनाचा टँकर, डेपोतून पंपांवर, महिन्याचा पक्का पगार आणि तिघांत जास्त, पण एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी. तिसरी बंद बॉडीची छोटी गाडी, पहाटे भरायची आणि वीस-पंचवीस दुकानांत माल पोचवायचा, पगार कमी पण म्हणे दुपारी मोकळे. मी आजवर फक्त चालवलंय, माल भरणारे-उतरवणारे कायम वेगळे असायचे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय धरलं असतं, आणि का?

स्टेपनी :
टँकर. पगार जास्त आणि एक खोकं उचलायचं नाही. डोळे झाकून घ्या.

मधलाआरसा :
स्टेपनीभाऊ, टँकरच्या बाबतीत डोळे झाकून हा शब्द नको हो. मी टँकरवरच आहे आणि काम मला मनापासून आवडतं, म्हणूनच नीट सांगतो.

ट्रेलरवर बांधलेला माल जागेवर बसतो, टँकरमधला बसत नाही. पूर्ण भरलेला कप्पा शहाणा असतो, पूर्ण रिकामाही शहाणा, पण एका पंपावर थोडं उतरवून निघालात की उरलेला माल अर्ध्या घागरीसारखा हिंदकळतो. सिग्नलला तुम्ही थांबता, मागून लाट येते आणि गाडीला पुढे ढकलते. आत भोकं पाडलेल्या आडव्या पत्र्या असतात त्या पुढे-मागे जाणारी लाट मोडतात, डावी-उजवीकडची नाही. त्यामुळे वळणावर आणि रॅम्पवर वेग आधीच उतरवायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही. कुठला कप्पा आधी रिकामा करायचा यालाही हिशोब असतो, सगळं वजन मागेच राहिलं तर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही.

आता उतरवणं. पंपावर गाडी लावली की इंजिन बंद, चाक हलू नये म्हणून उटी, मग सगळ्यात आधी अर्थिंगची क्लिप, त्यानंतर पाईप. कुठल्या टाकीच्या तोंडाला कुठला कप्पा जोडतोय ते तोंडाने मोठ्याने म्हणायचं आणि पंपवाल्यालाही म्हणायला लावायचं, कारण डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेलं तर ती चूक नंतर कोणीही पुसू शकत नाही. माल उतरत असताना गाडी सोडून कुठेही जायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात साचते, दिसत नाही. आणि रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा, आत वाफ आणि हवा मिसळलेली असते.

हे सगळं दर खेपेला, रात्री तीन वाजताही, त्याच क्रमाने करायची तुमची प्रकृती असेल तर टँकरसारखी नोकरी नाही. नसेल तर पगार बघून जाऊ नका.

हॉर्नओके :
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आणि लांबपल्लादादा, मुलगी लपते त्याचं मनावर घेऊ नका, रोज घरी दिसायला लागलात की अशी खांद्यावर चढेल की उतरता उतरणार नाही.

उंबरठा :
मी स्वतः चालवत नाही पण आमचे हे मिक्सरवर आहेत, म्हणून घरच्या बाजूने लिहिते. रोज घरी येतात हे खरंय. कधी येतात ते विचारा. स्लॅब सुरू झाला की मध्येच थांबवता येत नाही, पंप बिघडला, सळई राहिली, माणसं कमी पडली, काहीही झालं की ओतकाम रात्रीत जातं आणि शेवटची गाडी कोणाची तरी असतेच. मोठ्या ओतकामाच्या दिवशी मी त्यांची वाट बघत नाही, मुलांना झोपवते. पावसाळ्यात उलट, घरी बसून असतात आणि खेपा नाहीत म्हणून पैसेही नाहीत. धागाकर्त्यांनी मागच्या पावसाळ्यात तिथल्या ड्रायव्हरांच्या हातात महिन्याला काय पडलं ते विचारून घ्यावं, हंगामातला आकडा ऐकून ठरवू नये.

आणि एक. ओलं सिमेंट कातडीला वाईट. सुरुवातीला काही जाणवत नाही, संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि घोट्याला चरे पडलेले दिसतात. बुटात काँक्रीट गेलं तर तेवढ्यापुरतं झटकून चालत नाही, लगेच बूट-मोजे काढून भरपूर पाण्याने धुवायला लागतं. कपडेही मी वेगळे धुते.

ढोलफिरता :
उंबरठाताईंनी अगदी मुळावर बोट ठेवलंय. ओल्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो, सरळ रासायनिक भाजणं असतं ते. हातमोजे आणि उंच गमबूट कंपनी देते का हे पहिल्याच दिवशी विचारा.

मी मिक्सरवाला. चालवण्याबद्दल सांगतो. काँक्रीट घनमीटरला साधारण २.४ टन, म्हणजे सहा घनमीटर घेतलं की १४ टनांच्या वर माल, तोही उंचावर आणि फिरता. रस्त्यात ड्रम मिनिटाला दोन ते सहा फेरे हळू फिरत असतो, त्यामुळे माल मधोमध राहत नाही, एका बाजूला चढलेला असतो. म्हणून एकीकडच्या वळणावर गाडी जास्त कलते, ती बाजू कुठली हे पहिल्या काही खेपांत अंगाला कळलं पाहिजे. ट्रेलरवाल्याला सवय असते की वेग बघून वळण घ्यायचं, इथे सवयीच्या वेगापेक्षा बराच खाली यायचं.

वेळेचं म्हणाल तर पाणी पडल्यापासून साधारण दीड ते दोन तासांत माल उतरला पाहिजे, उन्हात त्याहून लवकर. ट्रॅफिकमध्ये अडकलात की घड्याळाकडे बघून जीव वरखाली होतो. साइटवर पोचलं की तिथला मुकादम म्हणतो माल घट्ट आहे, मार पाणी. मारायचं नाही! जास्तीच्या पाण्याने काँक्रीटची ताकद जाते, आणि उद्या क्यूब (ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा) फेल झाला की मुकादम म्हणणार ड्रायव्हरने पाणी घातलं. प्लांटवर फोन करायचा, त्यांनी हो म्हटलं तरच, आणि किती घातलं ते पावतीवर लिहून सही घ्यायची.

तिसरी गोष्ट जमीन. भरावाची माती, ओली कड, खोदलेल्या पायाचा काठ. मी साइटवर गाडी घालायच्या आधी खाली उतरून चालून बघतो, टाचेने दाबून बघतो. सिग्नल देणारा पोरगा ये ये करतो पण गाडी कलली तर आत तो नसतो.

एवढं असून मी मिक्सर सोडत नाहीये. सकाळी खड्डा असतो आणि काही महिन्यांनी तिथे लोक राहायला येतात, त्याचा मला अभिमान वाटतो.

स्टेपनी :
मधलाआरसा यांचा प्रतिसाद वाचला, मुद्दे पटले. तरी माझं मत तेच. धोका शिकून घेता येतो, पगार शिकून वाढत नाही. घरात मुलगी आहे, खर्च वाढणारच.

पाटीकोरी :
रात्रपाळीबद्दल कोणी बोलत नाहीये. रात्रपाळीच्या आठवड्यात लांबपल्ला घरी झोपणार, पण दिवसा, मुलगी शाळेत असताना. ती घरी यायच्या वेळेला हे उठणार आणि निघायची तयारी. ज्यासाठी सोडायचं तेच अर्धं जातंय.

मधलाआरसा :
पाटीकोरी, रास्त आहे. आणि आठवड्याला पाळी बदलली की शरीराला कुठलीच लय लागत नाही, नुसती रात्र कायम असली तरी बरी. काही ठिकाणी जोडीदाराशी बोलून पाळ्यांची अदलाबदल करू देतात, ते विचारा.

अजून एक विचारायचं राहिलं, मापातली घट कोणाच्या अंगावर? पेट्रोल तापमानाने फुगतं-आकसतं. १२ हजार लिटर डेपोत गरम भरलं आणि पंपावर पोचेस्तोवर दहा अंशांनी गार झालं तर शंभर लिटरच्या वर कमी दिसतं, एक थेंब न सांडता. एका मालकाकडे ती घट ड्रायव्हरच्या पगारातून कापायचे, डिपच्या काठीवरचा आकडा दाखवून. मी तिथून निघालो. तुमच्या ठिकाणी तापमान धरून हिशोब करतात की नाही हे लेखी घ्या.

दारोदार :
बराच वेळ नुसतं वाचत होतो, पार्सलची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. दुकानांना माल देतो, बंद बॉडी, तुम्ही म्हणताय तीच नोकरी.

वीस-पंचवीस ठिकाणं म्हणजे कमीत कमी तेवढ्यांदा केबिनमधून उतरा-चढा, तेवढ्यांदाच मागच्या बॉडीत. आमच्यात माणसं जखमी होतात ती रस्त्यावरच्या अपघातात कमी, उडी मारून उतरताना जास्त. गुडघा आणि घोटा. तोंड गाडीकडे, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेला, असंच उतरायचं, घाई कितीही असो. गाडीला मागे टेललिफ्ट (माल वर-खाली करणारी फळी) आहे का आणि ती चालते का ते बघा, दोन वेगळे प्रश्न आहेत ते. हातगाडी कंपनीची की तुमची? हमाल बरोबर देतात की एकटेच?

सगळी नोकरी भरण्यावर अवलंबून आहे. शेवटच्या दुकानाचा माल पहिला आत, पहिल्याचा दाराशी. गोदामातल्या माणसाने उलटसुलट भरलं तर तुम्ही दिवसभर तोच माल इकडून तिकडे हलवत बसता. म्हणून मी पहाटे अर्धा तास आधी जातो आणि माझ्यासमोर भरून घेतो. आणि हे ट्रेलरवाल्यांच्या सहसा लक्षात येत नाही, मागून माल उतरत गेला की एकूण वजन कमी होतं पण पुढच्या एक्सलवरचं वजन वाढू शकतं. मागच्या चाकांच्या मागे लटकणारा माल पुढचं टोक उचलून धरत असतो, तो गेला की पुढचा भार खाली येतो. म्हणून जड खोकी एकदम पुढे न लावता मागच्या एक्सलच्या वर यावीत असं बघायचं.

वाईट काय? गाडी लावायला जागा नाही, दुकानवाला गिऱ्हाईक सोडून पावतीवर सही करायला येत नाही, परत आलेल्या मालाची भांडणं. चांगलं काय? वेळ. मी दुपारी घरी असतो. मुलांना शाळेतून आणतो. तोच रस्ता, तीच माणसं, म्हाताऱ्या दुकानदारीणबाई माझी चौकशी करतात. माझ्या हिशोबाने कमी पगाराची किंमत तिथे वसूल होते.

हॉर्नओके :
दारोदार, पुढच्या एक्सलचं पहिल्यांदाच कळलं. आमच्या गाडीचं स्टेअरिंग दुपारी जड का लागतं याचा उलगडा झाला बघा. वाचनखूण साठवली.

मुरूम :
तीनच पर्याय कशाला? डंपर बघा की. खाणीतून क्रशर, क्रशरवरून साइट. चढवायला मशीन, उतरवायला डाला उचलला की झालं. लोकलमधलं सगळ्यात सुटसुटीत काम.

ढोलफिरता :
मुरूम, सुटसुटीत आहे पण डाला वर असताना गाडी सगळ्यात हलकट असते. उतारावर आडवी लावून डाला उचलला, किंवा ओली माती एका बाजूला चिकटून राहिली, की गाडी आडवी व्हायला क्षण लागत नाही. सपाट जागा मिळेपर्यंत उचलायचा नाही, मागे कोणी कितीही हॉर्न मारो.

मुरूम :
हो ते खरंय. आणि वरच्या तारा! डाला पूर्ण खाली बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा माझा नेम. कधी तारेला लागलाच तर केबिनमध्ये बसून राहायचं, बाहेरच्यांना ओरडून लांब ठेवायचं आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत उतरायचं नाही. गाडीने पेट घेतला तरच उडी, तीही दोन्ही पाय जुळवून, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होता कामा नये, आणि मग पाय न उचलता घासत घासत लांब जायचं. हे प्रत्येक लोकल ड्रायव्हरला माहीत पाहिजे, मिक्सरवाल्यांनासुद्धा.

सायंकाळ :
अवांतर होतंय पण दुधाचा टँकर कोणी सुचवला नाही? आमच्या काकांनी आयुष्यभर तोच चालवला. स्फोटाची भीती नाही, वेळा ठरलेल्या.

मधलाआरसा :
सायंकाळ, स्फोट नाही पण लाट जास्त. दुधाच्या टाकीत बहुतेक वेळा आडव्या पत्र्या नसतातच, कानाकोपऱ्यात दूध राहून नासतं आणि धुता येत नाही म्हणून. त्यामुळे अर्धवट भरलेला दुधाचा टँकर पेट्रोलच्या टँकरपेक्षा जास्त ढकलतो. तुमच्या काकांचा हात फार हलका असणार, त्याशिवाय आयुष्य निघत नाही त्यावर.

सायंकाळ :
खरंच हलका होता. ब्रेक लागला तरी मागे बसलेल्याला कळायचं नाही.

गाडीलावणारा :
मी गाड्यांचं नियोजन करतो, म्हणजे ड्रायव्हर ज्याला रोज फोन करून शिव्या घालतात तो माणूस. टेबलापलीकडून सांगतो.

लोकल कामात चालवणं हा दिवसाचा छोटा भाग असतो. खरा दिवस जातो तो रांगेत, काट्यावर, गेटवर, सहीसाठी, उतरवण्यात. त्यामुळे नोकरी निवडताना गाडी कुठली हे दुसरं, गाडी उभी असताना तुम्ही काय करत असता आणि त्या वेळेचे पैसे कोण देतं हे पहिलं. मासिक पगार असेल तर थांबलेला वेळ मालकाचा. खेपेवर असेल तर थांबलेला वेळ तुमचा, आणि मग घाई तुमच्या अंगात शिरते, वळणावर वेग वाढतो, जमीन न बघता गाडी आत जाते. वर ढोलफिरता यांनी जे धोके सांगितले त्यातले निम्मे मला पगाराच्या पद्धतीतून आलेले दिसतात. म्हणून मिक्सरवाल्यांना सरळ विचारा, साइटवर ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबलो तर ताशी काही मिळतं का. जिथे मिळतं तिथले ड्रायव्हर टिकतात.

विश्रांतीचंही तसंच. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायची सक्ती आहे. लोकलमध्ये सलग साडेचार तास चालवणं क्वचितच होतं, म्हणून सगळ्यांना वाटतं हे काम आरामाचं. पण ड्युटी बारा-तेरा तासांची झाली की माणूस तितकाच दमतो, आणि परतीच्या शेवटच्या रिकाम्या खेपेला डुलकी लागते. विचारायचं ते ड्युटीचे तास विचारा, चालवण्याचे नकोत.

पाटीकोरी :
गाडीलावणारा +१००. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

स्टेपनी :
बरं बाबांनो, एवढ्या सगळ्यांनी सांगितल्यावर मी म्हणतो की टँकर, पण दिवसपाळी मिळाली तर.

लांबपल्ला :
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समोर बसवूनही सांगितलं नसतं. काल-आज फोन केले. मिक्सरवाल्यांकडे साइटवरच्या थांबण्याचे पैसे नाहीत आणि पावसाळ्यातला आकडा सांगायला ते तयार नव्हते, म्हणून तो विषय संपवला. ढोलफिरता, तुमच्या प्रतिसादाने मोह झाला होता हे मात्र खरं. टँकरवाले म्हणाले कायम दिवसपाळी लगेच नाही, जागा झाली की जुन्यांना आधी. घट तापमान धरून काढतात आणि तसं नेमणूकपत्रात लिहून देतील म्हणाले. पार्सलवाल्यांकडे टेललिफ्ट आहे, हमाल नाही.

घरी बोललो. बायको म्हणाली पैशाचं आपण बघू, आधी दोन्हीकडे एकेक दिवस बसून ये. दोघांनीही बरोबर यायला परवानगी दिलीये. मी पार्सलकडे झुकलोय, पण कंबर आजवर सीटवरच बसलेली, रोज खोकी झेपतील का याचीच धाकधूक आहे. दारोदार, बरोबर जाईन तेव्हा नेमकं काय बघू?

दारोदार :
पहाटे भरायच्या वेळेलाच जा, आठ वाजता गाडीत बसायला जाऊ नका. सगळ्यात जड खोकं कितीचं ते विचारा आणि स्वतः उचलून बघा, गुडघ्यातून, कमरेतून नाही, आणि अंगाशी धरून. गोदामातला माणूस क्रमाने भरतोय का बघा. मग ज्या दुकानांना पायऱ्या आहेत ती मोजा, हातगाडी तिथे चढत नाही, ते सगळं हातावर येतं. दिवसाच्या शेवटच्या चार दुकानांत त्या ड्रायव्हरची चाल कशी आहे ते बघा, तो लंगडत असेल तर का ते त्यालाच विचारा. सुरुवातीला अंग दुखतंच, पण ते स्नायूंचं दुखणं हळूहळू जातं. पायात कळ उतरायला लागली किंवा मुंग्या आल्या तर थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, तेवढं पाळा.

मधलाआरसा :
आणि टँकरवाल्यांकडे गेलात तर वॉल्वच्या पेटीचं दार उघडून अर्थिंगची क्लिप बघा. दात घासून चकचकीत झालेले असतील तर ती रोज लागते. गंजलेली आणि वायरवर धूळ असेल तर पगार कितीही असो, तिथे जाऊ नका.

उंबरठा :
लांबपल्लाभाऊ, जाऊन आलात की इथेच लिहा. आमचे हेही वाचतायत हा धागा, पावसाळ्याआधी त्यांनाही ठरवायचंय.